विंडोज कोणत्या ड्राइव्हवर टाकावे? आधी फोटो कुठे राहणार ते ठरवा

आपला प्रश्न असा आहे: ऐरोलीतल्या आपल्या घरच्या डेस्कटॉपमध्ये २५६ जीबीचा साटा एसएसडी (केबलने जोडायचा, फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणारा ड्राइव्ह) आहे, त्यावर विंडोज १० आहे आणि जागा भरत आल्याने सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल असते. आपण काढलेले लग्नसमारंभांचे सगळे फोटो १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर आहेत. आता आपण १ टीबीचा एनव्हीएमई ड्राइव्ह (थेट मदरबोर्डवर बसणारा, जास्त वेगवान एसएसडी) आणला आहे आणि विंडोज ११ नव्याने टाकणार आहात. एक मित्र सांगतो की विंडोज जुन्याच एसएसडीवर ठेवा, म्हणजे नवा ड्राइव्ह झिजणार नाही आणि फोटोंसाठी मोकळा राहील. दुसरा सांगतो की नव्या ड्राइव्हचे सी आणि डी असे दोन भाग करून सगळे त्यावरच ठेवा. प्रोसेसर दहाव्या पिढीचा आय५ आहे, हेही आपण कळवले आहे.

विंडोज नव्या एनव्हीएमईवर टाका, त्याचे भाग पाडू नका आणि इन्स्टॉल करताना बाकीचे दोन्ही ड्राइव्ह केबल काढून बाजूला ठेवा, हे माझे उत्तर आहे. मात्र माझ्या मते या प्रश्नाचा गाभा वेगळा आहे. विंडोज पुसले गेले तर ते तासाभरात पुन्हा टाकता येते आणि सॉफ्टवेअर बसवायला फार तर आणखी एक दिवस जातो. एखाद्या लग्नाचे फोटो गेले तर ते कोणत्याही उपायाने पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून ठाण्यात नौपाडा आणि वागळे इस्टेट भागातल्या ज्या लहान कार्यालयांचे आणि स्टुडिओंचे संगणक मी सांभाळतो, तिथे नवा ड्राइव्ह आला की मी पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न कामाच्या फायली कुठे राहणार आणि त्यांची दुसरी प्रत कुठे असणार, हा. ते एकदा ठरले की विंडोजची जागा बहुतेक वेळा आपोआपच ठरते.

आधी वेगाबद्दल, कारण दोन्ही मित्रांच्या सल्ल्याच्या मुळाशी वेगाचाच विचार आहे. खोक्यावर छापलेला आकडा हा एका सलग मोठ्या फाइलच्या वाचनाचा असतो. साटा एसएसडी प्रत्यक्षात सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, कारण साटाची वाटच तेवढी आहे. पीसीआयई (मदरबोर्डवरची वेगवान जोडणी) ३.० वर चालणारा एनव्हीएमई ३,५०० एमबीपर्यंत आणि ४.० वर चालणारा ७,००० एमबीपर्यंत जातो. आपल्या दहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला पीसीआयई ३.० पर्यंतच चालते, त्यामुळे आपण ४.० चा ड्राइव्ह आणला असला तरी तो व्यवस्थित चालेल, फक्त ३.० च्या वेगाने. तो परत करण्याची गरज नाही; पुढे प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलून ४.० चे घेतलेत तर तोच ड्राइव्ह पूर्ण वेगाने धावेल.

मात्र ऑपरेटिंग सिस्टिमचे काम मोठ्या सलग फायलींचे नसते. विंडोज सुरू होताना आणि चालू असताना हजारो लहान लहान तुकडे, बरेचसे चार-चार केबीचे, ड्राइव्हच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून मागत असते. एकाच गोदामातून एक मोठे पोते उचलणे आणि गोखले रोडवर दुकानोदुकानी थांबून एकेक वस्तू गोळा करणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग हेडखाली येण्याची सरासरी वाट अर्ध्या फेऱ्याची, आणि हेड हलून योग्य ठिकाणी जाण्याचे आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदात साधारण ऐंशीच तुकडे हाती येतात. ते चार केबीचे असतील तर वेग सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा भरत नाही. साध्या साटा एसएसडीत हीच वाट एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या जवळपास असते आणि सेकंदाला हजारो तुकडे मिळतात. एनव्हीएमई याच कामात साटा एसएसडीच्या दीडपट-दुप्पट चालतो, सहापट किंवा बारापट नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. हार्ड डिस्कवर विंडोज टाकणे आज कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. आणि साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर गेल्याने संगणक सुरू होण्यात जो फरक पडेल तो काही सेकंदांचाच असेल. तेव्हा पहिला मित्र म्हणतो त्यात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. विंडोजसाठी साटा एसएसडी पुरेसा असतो, आणि आपला जुना एसएसडी ५०० जीबीचा व अर्धा रिकामा असता तर मी विंडोज तिथेच राहू द्या असे म्हटलेही असते. पण तो २५६ जीबीचा आहे आणि भरलेला आहे, आणि इथेच त्या सल्ल्याची बाजू लंगडी पडते.

भरलेला एसएसडी मंदावतो, त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक मोठा ब्लॉक पुसावा लागतो आणि त्यातला कामाचा भाग दुसरीकडे हलवावा लागतो. मोकळे ब्लॉक मुबलक असतील तर ड्राइव्ह ही आवराआवर आपण काम करत नसताना उरकून घेतो. मोकळी जागा संपत आली की तीच आवराआवर ऐन कामाच्या वेळी सुरू होते, एकेक फाइल लिहायला जास्त लिखाण होते आणि ड्राइव्हची झीजही वाढते. शिवाय आजचे बहुतेक स्वस्त ड्राइव्ह मोकळ्या जागेतलाच काही भाग वेगवान कॅशे (तात्पुरती साठवण) म्हणून वापरतात, तोही आकसतो. त्यात विंडोजच्या मोठ्या अपडेटला २० जीबीच्या आसपास मोकळी जागा लागते, ती न मिळाल्याने अपडेट अर्धवट अडकलेले संगणक माझ्याकडे नेहमी येतात. विंडोज, फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर, त्याचा कॅटलॉग (फोटोंची आणि त्यांतल्या बदलांची नोंदवही) आणि प्रिव्ह्यू एवढे २५६ जीबीत बसवले की पट्टी पुन्हा लाल होणारच. विंडोजच्या ड्राइव्हचा किमान पाचवा भाग मोकळा राहिला पाहिजे, हा हिशेब मी सगळीकडे पाळतो.

झिजण्याची भीती मात्र मनातून काढून टाका. १ टीबीच्या नावाजलेल्या ड्राइव्हवर कंपनी साधारण ६०० टीबी लिखाणाची हमी देते. आपण रोज ३० जीबी लिहिले, तरी ६०० टीबी पूर्ण व्हायला वीस हजार दिवस, म्हणजे चोपन्न वर्षे लागतील. आपल्यासारखी व्यक्ती हंगामात एखाद्या दिवशी शंभर जीबी लिहील, पण तोही हिशेब वर्षभरात कुठल्या कुठे मुरतो. माझ्याकडे बंद पडून येणारे एसएसडी झिजून संपलेले नसतात. त्यांचा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) किंवा पॉवरचा भाग गेलेला असतो, आणि तो जातो तेव्हा आदल्या दिवसापर्यंत काहीही जाणवलेले नसते. हार्ड डिस्क बहुधा कटकट आवाज करते, फाइल उघडायला वेळ लावते, काहीतरी इशारा देते. एसएसडी एका सकाळी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) दिसेनासा होतो आणि त्यातून फायली परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा पुष्कळ कठीण आणि खर्चिक असते. तीन किंवा पाच वर्षांच्या वॉरंटीत आपल्याला नवा ड्राइव्ह मिळतो, आतले फोटो मिळत नाहीत.

यावरून दुसऱ्या मित्राच्या सल्ल्याचाही निकाल लागतो. एकाच ड्राइव्हचे सी आणि डी असे दोन भाग केल्याने वेग वाढत नाही आणि ड्राइव्ह गेला तर दोन्ही भाग एकत्रच जातात. हार्ड डिस्कच्या काळात संगणक जोडून देणारे सी शंभर जीबीचा आणि पुढे डी, ई, एफ असे तुकडे करून देत असत, त्या सवयीतून हा सल्ला आजही दिला जातो. त्याचा एक खरा फायदा आहे, तो नाकारत नाही: विंडोज पुन्हा टाकताना सी पुसला तरी डी तसाच राहतो. ज्या लॅपटॉपमध्ये एकच ड्राइव्ह बसतो तिथे मी स्वतः कधीकधी असे दोन भाग करतो. आपल्याकडे मात्र वेगळे ड्राइव्ह आहेत, त्यामुळे हा फायदा आपल्याला भाग न पाडताच मिळतो आणि सी किती मोठा ठेवायचा या अंदाजात फसण्याची वेळ येत नाही.

आता आपल्या कामाकडे येतो. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) २५ ते ३० एमबीची असते, असे धरले तर पाचशे फोटोंचे साधारण १५ जीबी होतात. एवढे वाचायला आपल्या हार्ड डिस्कला शंभर सेकंद, साटा एसएसडीला तीस सेकंद आणि एनव्हीएमईला पाच-सहा सेकंद लागतील. विंडोजच्या बाबतीत न दिसणारा फरक इथे दिसतो. म्हणून चालू कामाचे फोटो आणि संपादनाचा कॅटलॉग एनव्हीएमईवर असावेत, असे मी म्हणेन. १ टीबीत विंडोज आणि सॉफ्टवेअरला दीडशे-दोनशे जीबी गेले आणि पाचवा भाग मोकळा ठेवला, तरी चालू कामासाठी सहाशे जीबी उरतात, म्हणजे हंगामातली बरीच लग्ने त्यात मावतील. कार्डवरून संगणकावर फोटो घेताना मात्र या ड्राइव्हचा काहीही उपयोग होणार नाही, कारण कॅमेऱ्यातल्या नेहमीच्या यूएचएस-१ वर्गाच्या मेमरी कार्डाची मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. तेवढे १५ जीबी उतरायला अडीच मिनिटे लागणारच. तो वेळ कमी करायचा असेल तर पैसे कार्डावर आणि रीडरवर खर्च करावे लागतील.

आता प्रत्यक्ष इन्स्टॉल करण्याबद्दल, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे. विंडोजचा इन्स्टॉलर ड्राइव्हना ० , १ , २ असे क्रमांक देतो. हे क्रमांक वेगाप्रमाणे नसतात, आणि नवा ड्राइव्ह ० असेल अशीही खात्री नसते. ड्राइव्ह ओळखायचा तो आकारावरून. कंपनीचा १ टीबी हा विंडोजच्या मोजणीत ९३१ जीबी दिसतो आणि २५६ जीबीचे २३८ जीबी दिसतात. आपली हार्ड डिस्क १ टीबीची आणि नवा एनव्हीएमईही १ टीबीचा, म्हणजे त्या पडद्यावर आपल्याला ९३१ जीबीचे दोन ड्राइव्ह दिसतील. त्यांतल्या एकावर काहीही नसेल आणि दुसऱ्यावर आपल्या आजवरच्या लग्नांचे फोटो असतील. रात्री उशिरा, घाईत, त्या यादीत चुकीच्या ओळीवर जाऊन पार्टिशन पुसण्याचे बटण दाबले की काय होईल ते सांगण्याची गरज नाही. म्हणून कॅबिनेटचे बटण बंद करा, मुख्य वायर काढा, आणि हार्ड डिस्क व जुना एसएसडी दोघांच्याही साटा केबल मदरबोर्डवरून काढून ठेवा. इन्स्टॉलरला एकच ड्राइव्ह दिसला तर चुकण्याची शक्यताच उरत नाही.

केबल काढण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते फार जणांना माहीत नसते. विंडोज सुरू करणाऱ्या फायली सी ड्राइव्हमध्ये नसतात. त्या ईएफआय नावाच्या एका छोट्या, साधारण शंभर एमबीच्या पार्टिशनमध्ये असतात. संगणकात आधीपासून दुसऱ्या ड्राइव्हवर असे पार्टिशन असेल, तर इन्स्टॉलर बऱ्याचदा नवे न बनवता त्या जुन्यातच या फायली ठेवतो. विंडोज नव्या ड्राइव्हवर आणि त्याची किल्ली जुन्यावर, अशी ही स्थिती होते. नौपाड्यातल्या एका कार्यालयात जुनी हार्ड डिस्क आवाज करू लागली म्हणून त्यांनी ती काढली, आणि एसएसडीवरचे विंडोज पूर्ण शाबूत असूनही पडद्यावर बूट करण्याजोगा ड्राइव्ह नाही असा संदेश आला. ईएफआय पार्टिशन नव्याने बनवून बीसीडीबूट या आज्ञेने फायली पुन्हा लिहिल्यावर संगणक सुरू झाला, पण रिटर्न भरण्याच्या शेवटच्या दिवसांत त्यांची अख्खी दुपार गेली. इन्स्टॉल करताना एकच ड्राइव्ह जोडलेला असता तर हे घडलेच नसते.

बायोसमध्ये काही गोष्टी आधी पाहून घ्या. विंडोज ११ साठी यूईएफआय पद्धत (बायोसची नवी रीत), सिक्युअर बूट (फक्त ओळखीचीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) लागते. इंटेलच्या बोर्डावर टीपीएम बहुधा पीटीटी या नावाने असते आणि अनेकदा बंद ठेवलेले असते. सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू असेल तर बंद करा, नाहीतर पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू होतो आणि पुढे ड्राइव्ह एमबीआर या जुन्या मांडणीचा मागितला जातो. आपला दहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो, त्यामुळे तिथे अडचण येऊ नये. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने आत्ताच हा बदल करणे योग्यच आहे. नवा ड्राइव्ह घातला म्हणून परवाना पुन्हा विकत घ्यावा लागेल का, अशी शंका अनेकांना असते. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे आधीची होम किंवा प्रो हीच आवृत्ती निवडली की इंटरनेटला जोडल्यावर विंडोज आपोआप सक्रिय होते.

मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून विंडोज ११ ची अलीकडची आवृत्ती नव्याने टाकली की ती अनेक संगणकांवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करते. ते वाईट नाही, पण पुढे बायोसमध्ये बदल केला किंवा मदरबोर्ड गेला तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती खात्यावर जतन झाली आहे का ते पाहा आणि वहीत उतरवून ठेवा. फोटोंचा ड्राइव्ह या कुलपामागे अडकलेला पाहण्याची वेळ कोणावरही येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

हे सगळे उत्तर आपल्या संगणकापुरते आहे. परिस्थिती बदलली की उत्तर बदलते. एच६१ किंवा एच८१ सारख्या जुन्या बोर्डांवर अडॅप्टर कार्ड लावून एनव्हीएमई बसवला तरी बरेचदा त्यावरून संगणक सुरूच होत नाही. तिथे विंडोज साटा एसएसडीवरच ठेवावे लागते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवे असतील तर मी दोन वेगळे ड्राइव्ह सुचवतो, म्हणजे प्रत्येकाचे ईएफआय पार्टिशन आपापल्या ड्राइव्हवर राहते. अकराव्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला ड्राइव्ह दिसतच नाही, कारण व्हीएमडी (ड्राइव्ह हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असते. त्यासाठी इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून दाखवावा लागतो. आणि नवा ड्राइव्ह अगदी स्वस्त क्यूएलसी प्रकारचा असेल, तर मोठ्या फायली सलग लिहिताना कॅशे भरल्यावर तो साटा एसएसडीच्याही खाली येऊ शकतो. विंडोजला त्याने फरक पडत नाही, पण आपल्या कामात तो जाणवेल.

नवा ड्राइव्ह बसवताना मदरबोर्डचे माहितीपुस्तक एकदा उघडा. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसवायची खाच) वापरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो आणि मग हार्ड डिस्क गेली असा गैरसमज होतो. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती दिसते. ग्राफिक्स कार्डाच्या खालचाच स्लॉट असेल तर वर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावा, कारण एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोलीत ड्राइव्ह तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो.

जुन्या एसएसडीचे काय करायचे? लगेच पुसू नका. नव्या विंडोजवर दोन-तीन आठवडे काम करा, प्रिंटर, कॅलिब्रेशन, संपादनाचे प्लगइन, सगळे चालते आहे याची खात्री होईपर्यंत तो तसाच खणात राहू द्या. काही राहिले असेल तर केबल लावून त्यातून घेता येते. त्यानंतर तो स्वच्छ करून साध्या यूएसबी केसमध्ये घाला. ग्राहकाला फोटो नेऊन दाखवायला तो पेनड्राइव्हपेक्षा पुष्कळ बरा.

जुन्या हार्ड डिस्कची मला जास्त काळजी वाटते. विंडोजला हात लावण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून तिची तब्येत पाहा. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) किंवा पेंडिंग सेक्टर (वाचताना अडणारे भाग) यांपैकी काहीही शून्यापेक्षा जास्त असेल आणि वाढत असेल, तर नव्या विंडोजचे काम थांबवा आणि आधी फोटो दुसरीकडे उतरवा. ती निरोगी असली तरी आज आपल्या फोटोंची ती एकमेव प्रत आहे, आणि एकाच कॅबिनेटमधल्या दोन ड्राइव्हना मी दोन प्रती मानत नाही, कारण पॉवर सप्लाय बिघडला तर तो दोघांनाही घेऊन जातो. २ टीबीची एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, दर लग्नानंतर तिच्यावर प्रत उतरवा आणि उरलेला वेळ ती वेगळ्या घरी, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. कळव्या-ठाण्याच्या तळमजल्यांवर २६ जुलै २००५ रोजी ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना ही दुसरी जागा कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात वीज जात-येत असेल तर एक लहान यूपीएसही घ्या. फाइल लिहिताना वीज गेली तर कॅटलॉग बिघडू शकतो, ड्राइव्ह कितीही चांगला असला तरी.

म्हणजे कामाचा क्रम असा राहील: आधी हार्ड डिस्कची तपासणी आणि बाहेरच्या डिस्कवर प्रत, मग बायोसमधले बदल, मग दोन्ही जुन्या ड्राइव्हच्या केबल काढून एनव्हीएमईवर विंडोज, आणि विंडोज दोनदा-तीनदा नीट सुरू-बंद झाल्यावर हार्ड डिस्कची केबल परत. केबल परत लावल्यावर बायोसमध्ये पहिला बूट ड्राइव्ह एनव्हीएमईच आहे ना, हे एकदा पाहून घ्या. नवा ड्राइव्ह बायोसमध्ये दिसलाच नाही तर मदरबोर्डचे पूर्ण नाव आणि ड्राइव्ह कोणत्या स्लॉटमध्ये बसवला आहे ते कळवा. त्यावरून पुढचे सांगता येईल.